पाटावरची माती

"थांब, आत्ता काही बोलू नकोस. पाणी लागतंय," मी सलीलला म्हणाले आणि फोन स्पीकरवर टाकून कंट्रोलर दोन्ही हातांनी घट्ट धरला.

"पाणी? टाकी वाहतेय का तुझी?"

"गेममध्ये रे बाबा."

"मग ठीक आहे. कसा आहे?"

"चांगला आहे. वाटलं होतं त्यापेक्षा बराच चांगला आहे, आणि त्याचा मला थोडा रागच येतोय."

सलील हसला. आमच्या वेबसाइटचा तो संपादक. नवीन गेम आला की तो बाजारात येण्याआधी दोनतीन दिवस आमच्याकडे यायचा. मी तो आठदहा तास खेळायचे आणि 'पहिली नजर' या सदरात हजार शब्द लिहायचे. हा गेम शुक्रवारी येणार होता, लेख गुरुवारी हवा होता, आणि ती बुधवारची सकाळ होती. अकरा वाजले होते. पुण्यातल्या माझ्या फ्लॅटच्या खिडक्या सताड उघड्या होत्या, शेजारी कुकरच्या शिट्ट्या होत होत्या, खाली कुणीतरी स्कूटरला किक मारत होतं. घाबरावं असं काहीही नव्हतं. हे मुद्दाम सांगते, कारण पुढच्या चार तासांत मी जितकी घाबरले, तितकी त्याआधी आयुष्यात एकदाच घाबरले होते. तेव्हाही असंच लख्ख ऊन होतं. या गोष्टीला आता सहा वर्षं झाली, आणि तो लेख मी अजून लिहिलेला नाही.

गेमचं नाव 'पाणाडी'. एकट्यानं खेळायचा, राजाराणी-राक्षसांच्या जगातला. एका राज्यातल्या सगळ्या विहिरी एका रात्रीत मुक्या झाल्यात. पोहरा टाकला तर वर पाणी येत नाही, आवाजही येत नाही. तुम्ही पाणाडी. हातात मेंदीची दुबेळकी, दोन फाट्यांची काडी घेऊन गावोगाव फिरायचं, जमिनीखालचं पाणी शोधायचं. प्रत्येक पाण्याला एक मालक असतो, त्याच्याशी बोलायचं, भांडायचं, नाहीतर लढायचं. पाणी जवळ आलं की काडी थरथरते आणि तिच्याबरोबर तुमच्या हातातला कंट्रोलरही थरथरतो. आधी हळू, मग तळव्यात मुंग्या येतील इतका.

वहीत मी लिहिलं होतं: "मारामाऱ्या ओढूनताणून. राक्षस सगळे एकाच साच्यातले. पण पाणी! असं पाणी मी कुठल्याही गेममध्ये पाहिलेलं नाही. बघताना पाय मागे घ्यावासा वाटतो."

राग येत होता त्याला कारण होतं. हा गेम बनवणारा निरंजन माझ्या गावचा, विट्याचा. नुसता गावचा नाही, आमच्या गल्लीतला. लहानपणी आम्ही सकाळी दात घासण्यापासून एकत्र असायचो. मग नसायला लागलो. बारावीनंतर मी पुण्यात आले, तो कोल्हापूरला गेला आणि आम्ही एकमेकांना एक फोनही केला नाही. पाचसहा पोरं गोळा करून तो चार वर्षं गेम बनवतोय हे मी पेपरात वाचलं. सलीलकडून तो गेम मी हट्टानं मागून घेतला. विट्याच्या पोरानं काय दिवे लावलेत ते मला बघायचं होतं. खरं सांगायचं तर तो फसलेला मला आवडला असता.

"उद्या संध्याकाळपर्यंत देशील ना?" सलीलनं विचारलं.

"चारला देते," मी म्हणाले आणि फोन ठेवला.

त्यानंतर वीसएक मिनिटांनी माझा पाणाडी एका गावात शिरला. काळ्या दगडांची घरं, दारात तुळशी, उन्हात वाळत घातलेल्या कुरडया. गावाबाहेर एक मोठा चौकोनी खड्डा, चारी बाजूंनी तासलेला दगड आणि आत हिरवं पाणी. मी वहीत लिहिलं, "वेगळं ठिकाण. छान." माझं पेन 'छान'वर थांबलं.

ती खाण होती. आमच्या गावाबाहेरची, गोसाव्याची खाण. दक्षिणेकडची उतरती बाजू, तिथला अर्धवट फोडलेला मोठा धोंडा, त्याच्या कपारीतलं उंबराचं रोपटं. सगळं जिथल्या तिथं.

मी स्वतःला समजावलं. बालपणीची जागा वापरली असेल बिचाऱ्यानं. सगळेच वापरतात, त्यात काय. 

तेवढ्यात स्क्रीनवर तीन मुलं आली. दोन मुली, एक मुलगा. मोठ्या मुलीच्या दोन वेण्या, त्यातल्या एकीचीच रिबन जागेवर. मुलाच्या हातात मातीचा ओबडधोबड देव. धाकट्या मुलीच्या डोक्यावर लाकडी पाट. ती तो एका हातानं सावरत चालली होती आणि हसत होती. वर अक्षरं आली: 'मुलांचा देव पाण्यापर्यंत पोचवा.'

खेळायचं बंद करायला हवं होतं. मी केलं नाही. मुलं पुढे चालली आणि मी पाणाडी होऊन त्यांच्या मागे चालले. कंट्रोलर थरथरायला लागला. मुलांनी देव पाटावर ठेवून काठापर्यंत नेला आणि पाण्यात सोडला. तो बुडाला, बुडबुडे आले, मुलांनी टाळ्या वाजवल्या. पाट रिकामा झाला. धाकटी तो उचलून निघणार तोच मोठी कमरेवर हात ठेवून म्हणाली:

"रिकामा पाट घरी नेत नाहीत. तळाची माती आण त्याच्यावर."

हे वाक्य माझं होतं. शब्दन् शब्द माझं. अकरा वर्षांची असताना मी ते गोसाव्याच्या खाणीवर म्हणाले होते आणि ते ऐकायला जगात फक्त दोन माणसं होती. त्यातलं एक निरू, म्हणजे निरंजन. दुसरी समोरच्या घरातली वैजू, आणि ती त्यानंतर पाच मिनिटंही जगली नाही.

गणपतीचं विसर्जन झालं की पाट तसाच घरी आणत नाहीत, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. नदीतली चिमूटभर वाळू, माती त्यावर घालून आणायची आणि घराच्या कोपऱ्यांत टाकायची. त्या वर्षी घरचे गणपती पोचवून झाले होते. दुसऱ्या दिवशी दुपारी उरलेल्या शाडूचा आम्ही आमचा एक गणपती केला. पाट वैजू घेऊन आली. आईला न विचारता आणला होता, आणि सकाळी पाटाला हात लावला म्हणून एक थप्पड आधीच खाल्लेली होती. तिच्या गालावर बोटं दिसत होती. "रिकामा नेलास तर काकू अजून मारतील," मी तिला म्हणाले. मी मोठी होते. मला सगळं कळत होतं. खाणीच्या काठाला सगळा दगड, माती म्हणून नाही. होती ती पाण्याखालच्या पायरीवर, शेवाळाशेजारी. वैजू पाट घेऊन पायरीवर उतरली, वाकली आणि घसरली.

स्क्रीनवरची मुलगीही घसरली. मी कंट्रोलरची सगळी बटणं दाबली. पाणाडी समोरच्या काठावर उभा होता, त्याला हलता येत नव्हतं, नुसतं बघता येत होतं. पाट तरंगत राहिला. उरलेली दोन मुलं पळाली.

मी हेडफोन काढून फेकला. उठून पाणी प्यायले. निम्मं पाणी अंगावर सांडलं. शेजारच्या वहिनी गॅलरीतून म्हणाल्या, "बरं नाही का गं?" मी म्हणाले, "ऊन लागलंय." घरात बसून मला ऊन लागलं होतं!

परत येऊन बसले तेव्हा गेममध्ये संध्याकाळ झाली होती. गावातून एक बाई दारोदार फिरत होती. पदर खोचलेला, हात पिठाचे. ती माझ्यासमोर, म्हणजे पाणाडीसमोर येऊन उभी राहिली.

"माझी पोर पाहिलीस का रे?"

खाली दोन उत्तरं होती. 'पाहिली.' 'नाही पाहिली.'

गेममध्ये असे प्रश्न शेकड्यानं येतात. चोर कुठे पळाला, राजा मेला का, तलवार कुणाकडे आहे. मी विचारही न करता उत्तरं देते. या वेळी मात्र मी पंधरा मिनिटं बसून राहिले. बाई हलत नव्हती. तिचा श्वास तेवढा ऐकू येत होता. गेम बंद करायला गेले तर पाटी आली, 'उत्तर दिल्याशिवाय इथून जाता येत नाही.' सरळ प्लग काढता आला असता. माणूस घाबरलं की त्याला प्लग सुचत नाही.

मी 'नाही पाहिली' दाबलं.

काही झालं नाही. बाई "बरं" म्हणाली आणि पुढच्या दाराकडे गेली. मी जिवाच्या आकांतानं ते गाव सोडलं, डोंगर ओलांडला, दुसऱ्या गावात आले. तिथं वेगळे लोक होते, वेगळी विहीर होती, यात्रा चालली होती. यात्रेच्या गर्दीतून ती बाई आली. "माझी पोर पाहिलीस का रे?" मी पुन्हा 'नाही' दाबलं. तिसऱ्या गावात मी कुणाशी बोललेच नाही, थेट विहिरीपाशी गेले. ती विहिरीच्या कठड्यावर बसली होती.

तेव्हा मात्र मी प्लग काढला.

दुपारचे अडीच वाजले होते. मी पंखा पाचवर करून जमिनीवर बसले आणि हिशेब मांडायला लागले, कोण कोण खेळेल? विट्याची पोरं तर खेळणारच, गावच्या माणसाचा गेम म्हटल्यावर. ती खाण ओळखतील. पाट ओळखतील, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी खाणीत पाट तरंगताना दिसला म्हणून तर वैजू सापडली होती. मग कुणीतरी विचारेल, ही दुसरी दोघं कोण? वेण्यांवाली कोण?

माझं नाव हेमांगी. गावात सगळे हेमी म्हणतात. त्या संध्याकाळी सुलाकाकू, म्हणजे वैजूची आई, खरोखर आमच्या दारात आल्या होत्या. "हेमे, वैजू हाय का तुमच्यात?" मी पुस्तक पुढ्यात घेऊन बसले होते. मी म्हणाले, "नाही काकू. आज आलीच नाही." निरू शेजारीच होता. त्यानं मान खाली घातली. मग सगळ्या गावानं एस.टी. स्टँड पाहिलं, बाजार पाहिला, मळे पाहिले. काका तेव्हा सोनं-चांदी गाळायच्या, गलाईच्या कामाला तिकडे दक्षिणेत होते, त्यांना तार गेली. खाणीवर कुणी गेलं नाही. का जातील? एकटी पोर कशाला जाईल तिकडे?

आणि सापडल्यावर बायका बोलायला लागल्या. आईनं पाटापायी मारलं म्हणून पोर पाट घेऊनच पाण्यात गेली. हे मी नळावर ऐकलं, हळदीकुंकवात ऐकलं, आमच्या आईच्या तोंडूनही ऐकलं. काकूंनी त्यानंतर घरात गणपती बसवला नाही. मी ऐकायचे आणि अभ्यास करायचे. नंबरात यायचे. मला भीती होती ती फक्त सापडण्याची, आणि सव्वीस वर्षं ती तशीच्या तशी टिकली.

निरूचा नंबर सलीलकडून मिळाला. पहिल्याच रिंगला फोन उचलला.

"हेमे?" तो म्हणाला. मी अजून काही बोललेही नव्हते.

"काय केलंयस तू हे? अरे अक्कल आहे का तुला? शुक्रवारी सगळं जग खेळणार हे!"

"तुझं नाव नाही त्यात. माझंही नाही."

"विट्यात नाव लागतंय का कुणाला? ती खाण आहे, पाट आहे, माझं वाक्य आहे! काढून टाक. आजच्या आज."

"नाही काढणार."

"तुला बोलायचंच होतं तर तोंडानं बोलायचंस की! सरळ काकूंकडे जायचंस!"

"दोनदा गेलो होतो," निरू म्हणाला. "स्टँडवर उतरलो, चहा प्यायलो आणि परतीच्या गाडीत बसलो. मला जे येतं ते मी केलं. मला गेम बनवता येतो." मग त्यानं विचारलं, "तू 'नाही' दाबलंस ना?"

मी उठून खिडकी लावून घेतली.

"चाळीस लोकांकडून तपासून घेतला गेम. चाळीसही जणांनी 'पाहिली' दाबलं. ती बाई परत परत येते हे त्यातल्या एकालाही माहीत नाही. ते फक्त आपल्या दोघांना माहीत आहे. मी स्वतः लिहिलेलं, तरी पहिल्यांदा माझ्या बोटानं 'नाही'च दाबलं."

माझा राग उतरला. आता नुसती भीतीच शिल्लक होती.

"मग 'पाहिली' दाबलं की काय होतं?" मी विचारलं.

"पडदा काळा होतो आणि सकाळ होते."

"एवढंच? ती काय म्हणते?"

"मला काय माहीत काय म्हणते! सहा महिने तेवढ्याच जागी अडकलो होतो. बाईचं एक वाक्य लिहायचं होतं, नाही लिहिता आलं. शेवटी काळा पडदा टाकला." मग एका दमात म्हणाला, "हेमे, काकू अजून तिथंच राहतात. काका गेले. एकट्या असतात."

सलीलला मी कळवलं की बरं नाही, लेख होणार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाच्या एस.टी.नं निघाले.  कऱ्हाडला गाडी थांबली तेव्हा उतरून परत फिरायचं मी पक्कं केलं होतं, पण माझ्या शेजारच्या आजोबांना झोप लागली होती आणि त्यांना ओलांडून जाता येईना. इतक्या साध्या कारणानं मी विट्याला पोचले.

स्टँडवर निरू होता. केस विरळ झालेले, चष्मा, पुढ्यात चहाचे तीन रिकामे कप. मला बघून उठला आणि परत बसला.

"चल," मी म्हणाले.

"पाय चालत नाहीत गं. खरंच सांगतो."

"मी तुला ओढत नेणार नाही, निरू."

"तू हो पुढे. मी येतो मागून." मला ठाऊक होतं तो येणार नाही. त्याला शिव्या घालाव्यात असं वाटलं. त्यानं चौथा चहा सांगितला आणि मी निघाले.

काकूंचं दार उघडं होतं. त्या उंबऱ्याच्या आत सूप घेऊन लसूण सोलत बसल्या होत्या. केस पांढरे झाले होते, अंगानं अर्ध्या उरल्या होत्या. डोळ्यांवर हात धरून त्यांनी मला न्याहाळलं.

"कोण गं? हेमी व्हय? अगं बया, ये की आत. केवढी झालीस! आई बरी हाय का तुजी?"

"बरी आहे."

"बस, बस. पाणी घे. त्या माठातलं घे, गार हाय. पुण्यात असतीस न्हवं? काय करतीस तितं?"

"गेमवर लिहिते. कॉम्प्युटरवरचे खेळ असतात ना, त्यांच्यावर."

"खेळाचे पैसे मिळत्यात?" काकू हसल्या. "बरं हाय की मग. वैजी असती तर तीबी आली असती तुज्यासंगं. तुज्या मागंमागंच असायची सारखी."

वैजूचं नाव त्यांनीच काढलं. मी पाण्याचा तांब्या खाली ठेवला. सगळं पाठ करून आले होते, एस.टी.त दहादा म्हटलं होतं. आता त्यातलं एक वाक्य आठवेना.

"काकू, त्या दिवशी मी तुमच्याशी खोटं बोलले."

त्यांचा हात सुपात तसाच राहिला.

"वैजू आमच्याबरोबर होती. मी आणि निरू. आम्ही गणपती केला होता, तो सोडायला खाणीवर गेलो होतो. पाट तिनं आणला होता. मी तिला म्हणाले, रिकामा पाट घरी नेत नाहीत, तळाची माती आण. मी पाठवलं तिला पाण्यात. ती घसरली आणि आम्ही पळून आलो. तुम्ही विचारायला आलात तेव्हा मी नाही म्हणाले."

गल्लीतून भंगारवाला ओरडत गेला.  मला वाटलं आता त्या मला मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"माती आणाय गेलती?" त्यांनी विचारलं.

"हो."

"रागानं न्हाई गेली?"

"नाही काकू. हसत होती. पाट तुम्हाला परत द्यायचा होता तिला. मातीसकट."

"गाल दुकतोय म्हनली का?"

"नाही. काहीच नाही म्हणाली."

काकूंनी सूप बाजूला सारलं. पदर तोंडाशी नेला आणि नुसत्या खाली-वर होत राहिल्या. मी पुढे सरकले तर हातानं मला तिथंच थांबवलं.

"सव्वीस वर्सं," त्या म्हणाल्या. "ह्यांनी मरस्तवर माज्याशी धड एक शबुद बोलला न्हाई. तुज्या हातनं पोर गेली म्हनायचे. मीबी तेच म्हनायची. ह्या हातानं पोळी लाटायची आन् म्हनायची, ह्याच हातानं." त्यांनी तो हात माझ्यासमोर धरला. "तू हितं समोर ऱ्हात हुतीस, हेमे. रोज दारावरनं साळंला जायचीस."

"हो."

"येकदाबी न्हाई वाटलं तुला?"

"रोज वाटायचं. भीती वाटायची."  

 मग काकू डोळे कोरडे करून, अगदी बाजारातला भाव विचारावा तशा आवाजात म्हणाल्या, "घसरली, आन् मग? लगीच पळालासा?"

"निरू लगेच पळाला."

"आन् तू?"

मला वाटलं होतं एवढ्यावर सुटेन. सांगायचं ते सांगून झालं, आता रडू, पाया पडू, काय शिव्या द्यायच्या त्या देतील. पण ही एक गोष्ट मी स्वतःशीही कधी बोलले नव्हते. निरूला ती माहीत नव्हती, कारण तो धोंड्यापलीकडे गेला होता. म्हणून ती त्याच्या गेममध्येही नव्हती.

"मी थोडा वेळ उभी होते."

"किती?"

"ती दोनदा वर आली तोवर."

काकू एकदम पुढे वाकल्या. त्यांच्या तोंडाचा वास, लसणाचा वास, सगळं माझ्या अंगावर आलं. मला पळून जायचं होतं. दार उघडंच होतं आणि मला त्या क्षणी आयुष्यात दुसरं काहीही नको होतं.

"वराडली का ती?"

'नाही' हा शब्द माझ्या जिभेवर तयार होता. त्यानं कुणाचं काय वाईट झालं असतं? उलट म्हातारीला जरा सुख लागलं असतं. पोर रागानं गेली नाही, त्रास न होता गेली, संपलं. आणि त्याला खोटं म्हणणारं जगात कुणी नव्हतं.

"हाक मारली तिनं," मी म्हणाले.

"कुनाला? तुला?"

"नाही. 'आई' म्हणाली. दोन्ही वेळा. मग मी पळाले."

काकू मागे टेकल्या. त्यांचा चेहरा मला वाचता येईना आणि मी इतकी घाबरले होते की हाताची बोटं मोडत बसले. त्यांनी मला शिवी दिली नाही की जवळ घेतलं नाही. बहुतेक मी तिथं आहे हेही त्या विसरल्या होत्या. लसणाची सालं अंगावरून झटकून, भिंतीचा आधार घेऊन त्या उठल्या आणि मागच्या दारापाशी जाऊन कडी काढली. तिकडून पलीकडे सगळं मोकळं रान होतं, खाणीपर्यंत.

दोन्ही हात चौकटीला धरून त्या उन्हात बघत राहिल्या. मग घरात कामात असलेली बाई देते तशी, खणखणीत, त्यांनी ओ दिली.

"ओ!" त्या म्हणाल्या. आणि थोडं थांबून, हळू, "ओ, वैजे."